वरण-भात

मानेवाडा चौकातल्या शकीलभाईने दोनदा विचारलं,
पंख? नुसते पंख? आणि कातड्यासकट?
इथं कातडं कोणी खात नाही, भाऊ.
तरी तू दीड किलो घेऊन आलास,
काळ्या पिशवीत, ऐन मे महिन्यात,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून.

बाटली बॅगेच्या तळाशी होती.
तीन पिशव्या, वर टॉवेल, टॉवेलला रबर.
अकरा वर्षांच्या सामानात
एवढी एकच वस्तू तू अशी जपून आणलीस.
माझं अत्तर नुसतं मोज्यात होतं.

झाकण उघडलं
आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथून कुठल्याही दिशेला निघालं
तरी रात्रभराच्या गाडीशिवाय समुद्र लागत नाही,
खारट, कुजकी, जांभळट भरती आली.
मी पदर नाकाला लावला.
तू मात्र वाकून हुंगलंस,
तान्ह्या बाळाची टाळू हुंगतात तसं.

झिंगे आहेत, म्हणालास,
मीठ लावून सडवलेले.
हे काहून आणलं बाप्पा, मी म्हटलं.

साखर, तिळाचं तेल, पांढरी मिरी, एक अंडं.
तांदळाची दारू कुठून आणणार, म्हणून आल्याचा रस.
मग बाटलीतला एक चमचा. सपाट.
आह सेंग म्हणायचा,
नवख्याला एक, घरच्याला दोन.
कोण आह सेंग?
तू पंख कालवत राहिलास, कोपरापर्यंत.

रात्रभर भांडं फ्रिजमध्ये.
सकाळी दुधाला कोणी हात लावला नाही.
कूलर सुरू केला
तसा वास जिना उतरून खाली गेला.

उंदीर मेला वाटते कुठंतरी, ढोमणेकाकू वर आल्या.
लिखार टॉर्च घेऊन आले,
त्यांचा ओजस झाडूची काठी.
आणि तू,
तू त्यांच्यासोबत शोधून राहिला होतास,
मीटरच्या पेटीमागे, गच्चीवर, टाकीखाली,
एवढा गंभीर चेहरा करून
की मी ओट्याला धरून हसले.
शेवटी कूलरमागे एक पाल निघाली,
वाळून पापड झालेली,
वास कसला यायचा तिला!
तरी सगळे म्हणाले, हेच ते,
आणि हात धुवायला गेले.

एकदा तळून तू पंख निवत ठेवलेस.
दोनदा तळायचे असतात म्हणे.
त्या मधल्या दहा मिनिटांत बोललास,
कढईकडे पाहत.
बारा खाटांची खोली.
रात्रपाळी सुटल्यावर कँटीनचं शटर अर्धं खाली,
आत एक म्हातारा,
तुला पाहून स्टूल पायाने पुढे सरकवणारा.
तुला त्याची भाषा नाही, त्याला तुझी नाही.
ताटलीत हे.

रोज रात्री मी फोनवर विचारायची,
जेवलास का? काय जेवलास?
वरण-भात, तू म्हणायचास.
अकरा वर्षं वरण-भात.
मी इकडे कुकरची एक शिटी
तुझ्या नावाची मोजायची.

मला राग आला.
कशाचा ते नीट सांगता येत नाही.
उपाशी नव्हतास, याचा नक्कीच नाही.
एवढं चांगलं जेवत होतास
आणि मला सांगितलं नाहीस, याचा असेल.
तुला वाईट वाटलं असतं, म्हणालास,
तू इथं एकटी आणि मी तिथं कोंबडी.
मग तेल परत तापलं
आणि आपलं बोलणं त्यात बुडालं.

दुसऱ्यांदा तळल्यावर वास बदलतो.
कसा ते विचारू नका,
ढोमणेकाकूंना विचारा,
त्या कोरडी वाटी घेऊन दारात उभ्या होत्या,
काय बनवून राहिले म्हणत.
ओजसने चार खाल्ले,
पाचव्याला हात घालताना आईकडे पाहिलं.

मी पहिला पंख भीतभीत मोडला.
कातडं कुरकुरलं.
मग मीठ, मग गोडसर काहीतरी,
आणि फार मागून, जिभेच्या टोकाला नाही,
घशाजवळ,
एक माणूस जो मला माहीत नव्हता.

हाडं ताटात गोळा करता करता म्हटलं,
पुढच्या वेळी दोन चमचे घाल.
तू बाटली उजेडात धरून पाहिलीस.
बघू, म्हणालास.
एकच बाटली आहे.